पोटॅश घातलं, गेलं कुठे?

प्रश्न : माती परीक्षणात पालाश (म्हणजे पोटॅशियम) ‘भरपूर’ आला. तरी डाळिंबाच्या जुन्या पानांच्या कडा करपतात. घातलेलं पोटॅश जातं कुठे?
– एक बागायतदार, सांगोला

उत्तर : दादा, जात कुठंच नाही, रानातच अडकतं. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची. तिच्यातली चिकणमाती पातळ थरांची, कडक भाकरींची चवडच म्हणा ना! थरांवर ऋणभार, पालाशवर धनभार. माती वाळली, थर जवळ आले की आत शिरलेला काही पालाश कोंडतो. हेच स्थिरीकरण. मुळांनी भोवतालचा पालाश ओढला की कोंडलेला हळूहळू सुटतो, पण फळ फुगताना झाडाला तेवढा दम कुठला? शिवाय अहवालातला आकडा प्रयोगशाळेत अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणाने मातीतून सुटणाऱ्या पालाशचा. झाडाच्या पोटात किती गेला, हे त्यावरून कळत नाही. चुनखडीच्या रानात कॅल्शियमही मुळांपाशी गर्दी करतं, मग पालाश मागे पडतो.

म्हणून सगळं पोटॅश एकदम ओतू नका. ठिबकमधून थोडं थोडं, फुगवणीच्या काळात जास्त. सल्फेट ऑफ पोटॅश (०:०:५०) घ्या. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडतं खरं, पण त्यातलं क्लोराईड क्षारपड रानात नको.

मात्र आधी विहिरीचं पाणी तपासा. क्षारांनीही कडा अशाच करपतात, आणि दुकानदार तुम्हाला हे सांगेलच असं नाही. सोबत पानांचं परीक्षण करा. पानात पालाश पुरेसा निघाला, तर खताचा खर्च वाचला.