इकॉनॉमिक्स आणि बिझनेस, दोन्ही घेतलं तर?

"मॅडम, हिला दोन्ही मेजर पाहिजेत. एक ना धड भाराभर चिंध्या व्हायच्या." लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मुनीम असलेले वडील बसल्या बसल्या बोलले. मुलगी बारावी कॉमर्स, गप्प. अर्थशास्त्र आणि व्यवसाय अभ्यास असं डबल मेजर, म्हणजे एकाच पदवीत दोन मुख्य विषय, करायचं तिच्या मनात होतं. ही भीती घेऊन दर जूनमध्ये पालक माझ्याकडे सल्ला विचारायला येतात, आणि ती अगदीच खोटी नसते.

मी मुलीला विचारलं, दोन्ही कशाला? ती म्हणाली, "पप्पा रोज सोयाबीनचा भाव सांगतात. तो का पडतो, हे पप्पांनाही सांगता येत नाही."

2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता आणि मोंढ्यात बरेच दिवस त्याच्या खालीच सौदे होत होते. खाद्यतेलाची आयात, पेंडीची मागणी, सरकारी खरेदीचा वेग हा झाला अर्थशास्त्राचा भाग. पण तेल मिल ओलाव्यावरून भाव का पाडते, आडत्याची उधारी किती दिवस अडकते, माल ठेवला तर व्याज आणि गोदामभाडं सुटतं का, हे व्यवसायाच्या अभ्यासात येतं. वडिलांच्या खिशात एक हिशोबपट्टी होती. वजन, दर, हमाली, तोलाई. ती टेबलावर ठेवून मी म्हटलं, दर कुठून आला ते एक विषय सांगेल, बाकी रकाने दुसरा. वडील म्हणाले, "म्हंजे दोन्ही एकाच कागदावर हाय की."

असा प्रश्न डोक्यात असेल तर जोडी जमते. "दोन डिग्र्यांचं वजन पडतं" एवढ्याचसाठी घेणार असाल तर माझ्या मते नको.

मग दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचायला लावले. मागणीची लवचिकता, बाजाराचे प्रकार, खर्च-वक्र हे दोन्हीकडे होतं. म्हणजे बराच भाग तोच, फक्त पेपर वेगळा. त्यात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या चौकटीप्रमाणे दुसऱ्या मेजरला एकूण क्रेडिटच्या, म्हणजे अभ्यासाच्या श्रेयांकांच्या, किमान 40 टक्के लागतात, म्हणजे 120 क्रेडिटच्या पदवीत 48. वैकल्पिक विषय निवडायला फारशी जागा उरत नाही. आणि कॉलेज ही जोडी देतं का, दोन्ही विषयांचे तास एकाच वेळी लागतात का, हे प्रॉस्पेक्टसमध्ये नव्हे, ऑफिसात जाऊन विचारावं लागतं.

खरी अडचण मात्र तिसरीच निघाली. मुलीनं दहावीनंतर गणित सोडलेलं. पुढे एमबीए करायचं तर कुठलीही पदवी चालते, फारसं बिघडत नाही. पण पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल, तर कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र टाळता येत नाही. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्राशी संबंधित पदव्युत्तर पदवीच लागते. तिथे दुसऱ्या मेजरपेक्षा गणिताचे दोन पेपर जास्त कामाचे.

हे ऐकून तिनं बेत बदलला. मेजर अर्थशास्त्र, मायनर (दुय्यम विषय) कॉमर्स, आणि वैकल्पिकांत संख्याशास्त्र. अकाउंट्स बारावीला झालेलंच आहे, शिवाय घरात मुनीम आहे. वडिलांनी जाताना एकच विचारलं, संख्याशास्त्राची शिकवणी लातुरात कुठं मिळेल.