वाचकांचे प्रश्न : लाइव्ह रॉकवरचे आगंतुक

प्रश्न : २०० लिटरच्या रीफ टाकीतल्या (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या) लाइव्ह रॉकवर, म्हणजे जीवजंतूंनी भरलेल्या समुद्री दगडावर, तपकिरी, काचेसारखी, लांब टोकदार तंतूंची फुलं आली आहेत. हात नेला की आत ओढली जातात. दोन खरवडली, तर सहा उगवली. रात्री गुलाबी केसाळ किडेही दिसतात. दगड उकळून काढावा का? (भुसावळ)

उत्तर : उकळू तर मुळीच नका. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ हे प्रवाळासारखे जीव असतील तर त्यांतलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर घरात पसरतं. असं करून माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

ती फुलं म्हणजे एप्टेशिया, एक उपद्रवी समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन). खरवडताना बुडाचा कण दगडात राहिला तरी त्यातून नवं एप्टेशिया तयार होतं, म्हणून दोनाची सहा झाली. तंतूंची टोकं फुगीर असती तर मजानो हे दुसरं उपद्रवी समुद्रफूल म्हटलं असतं. उपाय दोघांवर एकच. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड आरओच्या पाण्यात कालवून दह्याइतकी घट्ट करा. पानपट्टीचा चुना नको, त्यात काय मिसळलंय याचा भरवसा नाही. हातमोजे, चष्मा घाला. पंप बंद करून, बोथट सुईच्या सिरिंजने फूल मिटायच्या आत अर्धा मिली थेट तोंडावर सोडा. २० मिनिटांनी उरलेला लगदा नळीने ओढून मगच पंप लावा. पीएच चढतो, त्यामुळे एका दिवशी तीन-चारच. पेपरमिंट झिंगाही एप्टेशिया खातो, पण त्या नावाने कॅमल श्रिंप गळ्यात मारतात. पाठीला कुबड आणि अंगावर पांढऱ्या रेघा दिसल्या तर घेऊ नका, तो मऊ प्रवाळ कुरतडतो.

केसाळ किडे ब्रिसलवर्म. उरलंसुरलं खातात, राहू द्या. फार वाढले तर तुमचा चारा जास्त होतोय. केसांच्या मुळाशी लाल झुबके असतील तरच तो फायरवर्म, चिमट्याने काढा. केस बोटात रुतले तर चिकटपट्टीने ओढा.

प्रश्न : रात्री टाकीतून टक्-टक् आवाज येतो. (धुळे)

उत्तर : बहुधा पिस्तूल झिंगा. एक नांगी भलीमोठी, त्रास बेताचा. पण गोगलगाईंचे शंख फुटलेले आणि मासे कमी होत असतील तर मँटिस श्रिंप समजा. विजेरीला लाल जिलेटिन लावून बीळ शोधा, दगड बादलीवर धरून बिळात सोडा वॉटर ओता. उघडा हात नको, त्याच्या टोल्याने बोट फाटतं.

प्रश्न : नवा दगड कधी मागवावा? (जळगाव)

उत्तर : दिवाळी ते होळी. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीपार गेला की पार्सलमधलाच दगड मरतो आणि टाकीत अमोनिया चढतो. आल्यावर वेगळ्या टबात २५-२६ अंशांवर, १.०२५ विशिष्ट घनतेच्या खाऱ्या पाण्यात, पंप लावून चार ते सहा आठवडे ठेवा. बोअरचं जड पाणी चालणार नाही, आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षार काढणारा फिल्टर) करून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणा. आणि आपल्या समुद्रातून काढलेला प्रवाळी दगड कुणी स्वस्तात देऊ केला तर हात लावू नका. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.