रॉकेटचा तुकडा घरावर पडला तर पैसे कोणाकडे मागायचे?

प्रश्न : जुने सॅटेलाइट, रॉकेटचे भाग खाली पडत असतात म्हणे. असा तुकडा माझ्या छपरावर पडला तर भरपाई कोण देणार, ज्या कंपनीचा सॅटेलाइट ती कंपनी की सरकार? आणि तो तुकडा मी विकला तर चालेल का?

उत्तर : विकायचं आधी डोक्यातून काढा. १९६७ च्या अंतराळ करारानुसार वस्तू खाली पडली म्हणून तिची मालकी बदलत नाही, आणि ज्या देशाची आहे त्याला ती परत मागता येते.

आता पैशाचं. १९७२ चा एक वेगळा करार आहे नुकसानभरपाईचा, त्यात जबाबदार धरतात देशाला, कंपनीला नाही. म्हणजे ज्याने सोडलं, दुसऱ्याकडून सोडून घेतलं, किंवा ज्याच्या जमिनीवरून उडालं ते सगळे देश. जमिनीवर नुकसान झालं तर चूक कोणाची हे सिद्धच करावं लागत नाही, पडलं म्हणजे द्यायचं. पण तुम्ही स्वतः दावा लावायचा नाही, तुमचं सरकार त्यांच्या सरकारकडे मागतं आणि त्यालाही साधारण एका वर्षाची मुदत असते, त्यामुळे तुमच्या सरकारला या भानगडीत पडायचं नसेल तर कराराचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. ही पद्धत मला तरी पटत नाही.

१९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा सॅटेलाइट कॅनडात कोसळला, आत अणुभट्टी होती, बर्फात किरणोत्सर्गी तुकडे शोधत फिरावं लागलं. कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले, १९८१ ला ३० लाखांवर मिटलं. निम्मेच, तेही तीन वर्षांनी!

अजून एक मेख आहे. ज्या देशाची वस्तू, त्याच देशाचे तुम्ही नागरिक असाल तर हा करार लागूच नाही. २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर फोडून स्पेस स्टेशनवरच्या सामानाचा तुकडा आत आला, तो नासाचा निघाला, मग त्या कुटुंबाला दावा आपल्याच देशाच्या कायद्याने नासाकडे करावा लागला.

वर अवकाशात दोन सॅटेलाइट आपटले तर मात्र चूक दाखवावी लागते, आणि ते महाकठीण.

तुकडा सापडलाच तर हात लावू नका, त्यात हायड्राझीनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लांबूनच फोटो काढा आणि पोलिसांना फोन करा.