गावात राहून फिल्म कॅमेऱ्यावर फोटो काढणं आणि ते स्कॅन करणं जमतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा जुना एसएलआर (लेन्स बदलता येणारा फिल्म कॅमेरा) कपाटात सापडलाय, जवळपास रोल धुणारा एकही स्टुडिओ उरला नाही, आणि यवतमाळकडच्या उन्हा-धुळीत हा नाद झेपेल का. मी दारव्ह्याकडचाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमतं. पण फोटो काढणं हा यातला सोपा भाग आहे. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हा नाद सोडला, ते सगळे स्कॅनिंगला वैतागून.

कॅमेऱ्याचं आधी उरकून घेऊ. मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी तो बहुधा चिकट झालेला असतो आणि तिथून उजेड आत शिरतो. खरवडून टाका आणि टेलरकडून काळ्या मखमलीची पट्टी आणून चिकटवा. उजेड मोजणाऱ्या मीटरची बटण बॅटरी घड्याळाच्या दुकानात मिळते. रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डाव्या हाताचा रिवाइंड नॉब फिरतोय ना ते बघायचं. फिरत नसेल तर रोल पुढे सरकत नाहीये, आणि छत्तीस फोटो हवेत जाणार.

आता आनंदाचं. पोळ्याच्या दिवशी भर दुपारी पांढरा बैल उन्हात आणि मालक कडुनिंबाच्या सावलीत असा फोटो मोबाइलवर काढून बघा. एक तर बैल नुसता पांढरा डाग होतो, नाहीतर माणसाचा चेहरा कोळसा. निगेटिव्ह फिल्मला जास्तीचा उजेड भरपूर पचतो, कमी मात्र पचत नाही. त्यामुळे मीटर चेहऱ्यावर धरायचा आणि बैलाची चिंता सोडायची. त्याच्या वशिंडावरची घडी, झूल, शिंगांचा रंग, सगळं निगेटिव्हमध्ये उतरलेलं असतं. आपल्या उन्हाला फिल्म मानवते, असं माझं स्पष्ट मत आहे.

खर्च म्हणाल तर रंगीत रोल, लॅबला पाठवायचं कुरिअर, धुलाई आणि स्कॅन धरून एका फोटोमागे साधारण चाळीस-पन्नास रुपये पडतात. शिवाय मे महिन्यात रोल कुरिअरच्या गोदामात किती तापतो हे कोणी सांगू शकत नाही. नवतप्यात मी रोल पाठवतच नाही. हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवतो. नवा रोलही फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडू नका, तास-दोन तास तसाच राहू द्या, नाहीतर त्यावर दव धरतं.

म्हणून सुरुवात ब्लॅक अँड व्हाइटने करा आणि रोल घरीच धुवा. एचपी-५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं रसायन), एकास एक पाणी घालून, २० अंशांना ११ मिनिटं लागतात. २० अंश आपल्याकडे फक्त हिवाळ्यात. २४ अंशांना साधारण आठ मिनिटांत भागतं. उन्हाळ्यात डेव्हलपरची बाटली माठाच्या पाण्यात ठेवायची, वर बर्फाचे खडे. पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे माठावर विसंबू नका, नुसता बर्फ घ्या. मुख्य म्हणजे डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी, तिन्हींचं तापमान जवळजवळ सारखं हवं. थंड डेव्हलपरमधून काढून गच्चीवरच्या टाकीच्या कढत पाण्यात रोल घातला, तर वरचा थर सुरकुततो. (रंगीत फिल्मच्या डेव्हलपरला ३७.८ अंश लागतात. मे महिन्यात आपल्या गच्चीवरची टाकी ते फुकटात देते, पण तेवढ्यावरच अचूक ठेवत नाही.) शेवटचं पाणी बोअरचं नको, क्षारांचे डाग पडतात. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर घ्या.

धुलाईच्या डब्यातून ओला रोल काढून खिडकीसमोर धरला की काळे दात असलेली, पांढऱ्या केसांची ओळखीची माणसं एकेक करून दिसू लागतात. त्या दोन मिनिटांसाठी मी बाकीचं सगळं सोसतो.

आणि सोसायचं म्हणजे मुख्यतः स्कॅनिंग. आपल्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगचा तंतू हवेतच असतो, कोरड्या हवेत फिल्म त्याला ओढून धरते. निगेटिव्हवरचा एक बारीक तंतू स्कॅनमध्ये पांढरी दोरी होऊन बरोबर कोणाच्या तरी नाकावर बसतो. स्कॅनरमधली धूळ काढायची इन्फ्रारेडची सोय रंगीत निगेटिव्हला छान चालते, पण ब्लॅक अँड व्हाइटला तिचा उपयोग नाही, कारण चित्र ज्या चांदीचं बनलंय तीच इन्फ्रारेड अडवते. तिथे संगणकावर एकेक डाग हातानेच टिपावा लागतो. त्यापेक्षा आधीच जपा: न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ करायची, धूळ खाली बसली की रोल चिमट्याने टांगायचा, दार लावून घ्यायचं आणि सुकेपर्यंत आत कोणाला जाऊ द्यायचं नाही. घरच्यांशी वाद होतो, पण इलाज नाही.

फ्लॅटबेड स्कॅनर (कागद काचेवर ठेवून स्कॅन करतात तो) घेऊ नका. खोक्यावर ६४०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) लिहिलेलं असलं तरी ३५ एमएमच्या एवढ्याशा चौकटीतून प्रत्यक्षात त्याच्या निम्माही तपशील हाती लागत नाही. कोणाकडे डिजिटल कॅमेरा आणि अगदी जवळून फोटो काढणारी मॅक्रो लेन्स असेल तर खाली एलईडी पॅनल, वर कॅमेरा, मध्ये निगेटिव्ह सपाट धरून तिचाच फोटो काढा. निगेटिव्हची चकचकीत बाजू लेन्सकडे, नाहीतर डावं-उजवं उलटं चित्र येतं. भोवतीचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाका. सरावाला वडिलांनी काढलेल्या जुन्या निगेटिव्ह असतील तर त्याच घ्या, रोलचा खर्च वाचेल.

छत्तीसच्या छत्तीस स्कॅन करायचा हट्ट मात्र धरू नका. अख्खी पट्टी पॅनलवर ठेवून मोबाइलने एक फोटो घ्या, रंग उलटे करा, त्यातले चार-पाच निवडा आणि तेवढ्यांवरच संध्याकाळ घालवा.

रंगीत रोल लॅबला दिलात, तर 'ऑटो करेक्शन न करता स्कॅन द्या' असं चिठ्ठीवर लिहा. फाल्गुनात फुललेल्या पळसाने भरलेली माझी एक चौकट एका लॅबच्या मशीनने केशरी जास्त झालं असं धरून निळसर केली, आणि पळस विटकरी होऊन आला. निगेटिव्ह परत मागवून घरी स्कॅन केली तेव्हा रंग मिळाला. त्यामुळे निगेटिव्ह परत पाठवत नाहीत अशा लॅबला रोल देऊच नका, स्कॅन कितीही स्वस्त असो.