वृंदातला आवाज आणि रंगमंचावरचा आवाज

प्रश्न : मी पाश्चात्त्य अभिजात गायनाचे शिक्षण घेत आहे आणि माझा आवाज सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या आवाजांतला सर्वांत उंच पट्टीचा, आहे. शाळेत असल्यापासून वृंदगान करत आले असून सध्याही एका चांगल्या कॉयरमध्ये गाते. पुढे मला ऑपेरात भूमिका करायच्या आहेत. माझ्या गायनगुरूंच्या मते कॉयरमध्ये गाण्याने एकल गायिकेचा आवाज दबतो, म्हणून मी तो ताबडतोब सोडावा. कॉयरच्या संचालकांचे म्हणणे असे, की माझा आवाज हल्ली इतरांत मिसळत नाही. मी काय करावे?

उत्तर : तुमचे गुरू आणि तुमचे संचालक या दोघांच्याही कानांनी जे टिपले आहे ते खरे आहे, परंतु तेवढ्यावरून कॉयर सोडून देणे मला घाईचे वाटते. ऑपेराच्या गायिकेसमोर ध्वनिवर्धक नसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० श्रोते बसतात आणि गायिका व श्रोते यांच्या मधल्या खड्ड्यात अख्खा वाद्यवृंद वाजत असतो. तो ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे, तर नुसता जोर लावून भागत नाही. स्वीडिश ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी दाखवून दिले, की ऑपेराच्या तयार गळ्यात ३,००० हर्ट्‌झच्या आसपास नादाची ऊर्जा एकवटते, आणि वाद्यवृंदाचा जोर त्या पट्ट्यात ओसरलेला असल्यामुळे गाणाऱ्याचा आवाज त्यातून वर येतो. पुरुषांच्या आणि खालच्या पट्टीतल्या स्त्रियांच्या आवाजात हे अधिक ठळक असते. पुढे सुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायिकांना एकदा एकल आणि एकदा वृंदात गायला लावून मोजमाप केले, तेव्हा एकल गाताना सोप्रानोंच्या आवाजात २,००० ते ३,००० हर्ट्‌झ या पट्ट्यातली ऊर्जा जास्त आढळली. तुमच्या गुरूंनी कष्टाने घडवलेला गुण वृंदात शेजारणीच्या आवाजावर चढतो, तो यामुळे. तुमच्या संचालकांची तक्रार ही एका अर्थी तुमच्या गुरूंच्या शिकवणीला मिळालेली पावती आहे.

आता आवाज दबण्याविषयी. मिसळून गाणे गळ्याला मुळीच अपायकारक नाही. मिसळण्याच्या नादात गायिका जे करू लागते, ते अपायकारक असते. तार सप्तकातला स्वर हळू आवाजात, कंप न देता, बराच वेळ धरून ठेवायचा असतो, तेव्हा अनेक जणी श्वासच आखडता घेतात, जबडा आणि जिभेचे मूळ आवळतात आणि स्वर घशात लटकवून ठेवतात. तालीम संपल्यावर बोलण्याच्या आवाजात खरखर आली, तर स्वराला श्वासाचा आधार नव्हता असे खुशाल समजावे. याच्या उलट चूकही तितकीच नेहमीची आहे. दाटीवाटीने उभे राहिल्यावर स्वतःचा आवाज कानी पडत नाही आणि तो ऐकू यावा म्हणून नकळत जोर वाढत जातो. बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीत कोरसमधल्या सोप्रानोंना वरच्या ‘ए’ स्वरावर कितीतरी वेळ थांबावे लागते. अशा जागी तरुण गळे थकतात, ते बहुतेक वेळा या दोनपैकी एका कारणाने.

म्हणून संचालकांना भेटून मोकळेपणाने बोला. मागच्या रांगेत किंवा कडेला जागा मागा, जिथे दोन्ही बाजूंना थोडे अंतर राहील. काही रचनांत दुसऱ्या सोप्रानोच्या, म्हणजे थोड्या खालच्या स्वरांतल्या, ओळी गायची तयारी दाखवा. मैफलीच्या दिवशीच्या तालमीत ‘मार्किंग’ची, म्हणजे अर्ध्या आवाजात आणि उंच स्वर सप्तकभर खाली उतरवून गाण्याची मुभा मागा, ऑपेराच्या तालमींत ती सर्रास असते आणि अनुभवी संचालक तिला हरकत घेत नाहीत. एकल परीक्षा किंवा प्रयोग असेल त्याच्या आदल्या दिवशी मात्र कॉयरची लांबलचक तालीम टाळावी.

कॉयरमधून ऑपेरात गेलेल्या गायिकांची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. नॉर्वेच्या लीसे डेविडसेन बर्गनमध्ये शिकत असताना मेझो-सोप्रानो, म्हणजे सोप्रानोहून खालच्या पट्टीचा आवाज, म्हणून गात होत्या आणि वृंदगान व बरोक संगीत हेच त्यांचे क्षेत्र होते. कोपनहेगनला गेल्यावर त्यांचा आवाज सोप्रानो असल्याचे ठरले, २०१५ मध्ये त्यांनी ऑपेरालिया स्पर्धा जिंकली आणि २०१९ मध्ये बायरॉइटच्या महोत्सवात वाग्नरच्या ‘टानहॉयझर’ या ऑपेरामधील एलिझाबेथची भूमिका त्यांनी गायली. एवढा मोठा आवाज वृंदाने दबला नाही. इंग्लंडच्या सोप्रानो एमा कर्कबी यांचा प्रवास याहून वेगळा आहे. ऑक्सफर्डमध्ये अभिजात भाषा शिकताना त्या हौसेने वृंदात गात होत्या, पुढे काही काळ शिक्षिका होत्या, आणि वृंदातच घडलेला त्यांचा सरळ, निर्मळ स्वर प्राचीन संगीताच्या पुनरुज्जीवनात अनेकांच्या कानांना आदर्श ठरला. ऑपेराच्या भव्य मंचापेक्षा मैफलीत आणि ध्वनिमुद्रणातच त्यांनी आपली जागा केली, आणि ती जागा कोणत्याही अर्थाने दुय्यम नाही.

या दोन जगांच्या मधोमध ऑरॅटोरिओ, म्हणजे अभिनय आणि वेशभूषेविना एकल गायक, कोरस व वाद्यवृंद यांनी मिळून सादर करायची मोठी, बहुधा धार्मिक रचना, आहे, आणि तुमच्यासारख्या उमेदवारीच्या काळातल्या गायिकेने त्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. हेंडेलच्या ‘मसाया’मध्ये किंवा ब्राह्म्सच्या ‘जर्मन रिक्विएम’मध्ये एकल सोप्रानोचे काम वरवर पाहता थोडे असते. परंतु ‘मसाया’च्या आज प्रचलित असलेल्या मांडणीत सोप्रानो पहिला बराच वेळ मंचावर नुसती बसून असते, इतर एकल गायक गाऊन जातात, कोरस गातो, आणि मेंढपाळांच्या प्रसंगाशी तिने एकदम उठून, थंडावलेल्या गळ्याने, स्वच्छ उच्चारात सुरुवात करायची असते. ब्राह्म्सच्या रचनेत तर तिला फक्त पाचवा भाग आहे. १८६८ मध्ये ब्रेमेनला झालेल्या पहिल्या प्रयोगात तो भाग नव्हताच, ब्राह्म्सने तो नंतर जोडला. चार भाग संपेपर्यंत श्रोत्यांच्या नजरेसमोर निश्चल बसायचे आणि मग उंच स्वरांत, अत्यंत संथ लयीत, मृदू आवाजात लांबच लांब ओळी गायच्या, ही परीक्षा ऑपेराच्या एखाद्या धडाकेबाज आरियापेक्षा, म्हणजे एकल गीतापेक्षा, सोपी नाही. बसल्या बसल्या ओठ मिटून हलका गुंजारव करणे, कोरसच्या मोठ्या आवाजाच्या जागी श्वासाची चाल चालू ठेवणे, पाण्याचा घोट नेमका कधी घ्यायचा हे स्वरलिपीत आधीच खुणावून ठेवणे, या गोष्टी सहसा अनुभवानेच अंगवळणी पडतात. ज्या गायिकेने हीच रचना कोरसमध्ये उभे राहून गायलेली असते, तिला आपल्या आधी काय घडते आणि नंतर काय येते हे तोंडपाठ असते. तुमचा कॉयर असे कार्यक्रम करत असेल, तर छोट्या एकल जागांसाठी नाव द्या.

प्रश्न : आमची मुलगी सोप्रानो आहे आणि तिने ऑपेरा हाच व्यवसाय निवडला आहे. शिक्षण संपल्यावर या क्षेत्रात पाय रोवायला किती काळ लागतो आणि त्या काळात उत्पन्नाची सोय कशी असते, हे आम्हा पालकांना समजून घ्यायचे आहे.

उत्तर : काळजी स्वाभाविक आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. ऑस्ट्रेलियाच्या सोप्रानो जोन सदरलंड १९५२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात रुजू झाल्या, तेव्हा त्यांची पहिली भूमिका होती ‘द मॅजिक फ्लूट’मधील फर्स्ट लेडी, आणि त्याच वर्षी ‘नॉर्मा’मध्ये मारिया कॅलास नायिका असताना त्यांनी सखीची छोटी भूमिका केली. जगाने त्यांना ओळखले ते १९५९ मध्ये ‘लुचिया’ या ऑपेरातल्या नायिकेच्या भूमिकेनंतर. मधली सात वर्षे त्या रोज काम करत होत्या, शिकत होत्या आणि पगार घेत होत्या. या तीन गोष्टी एकत्र मिळणे हीच उमेदवारीची चांगली खूण आहे.

आज पदवीनंतरची पायरी म्हणजे मोठ्या ऑपेरागृहांचे तरुण कलावंतांसाठीचे उपक्रम. सॅन फ्रान्सिस्कोचा मेरोला उपक्रम १९५७ पासून, तर मेट्रोपॉलिटनचा १९८० पासून चालतो. अशा ठिकाणी भाषा, अभिनय आणि भूमिकांची तयारी करून घेतली जाते, लहान भूमिका मिळतात आणि मोठ्या भूमिकांसाठी राखीव गायिका म्हणून तयार राहावे लागते. स्पर्धांचा उपयोग पारितोषिकापेक्षा परीक्षकांच्या खुर्च्यांत बसलेल्या ऑपेरागृहांच्या निवडकर्त्यांनी आवाज ऐकावा यासाठी अधिक होतो. वेल्समधील कार्डिफची गायनस्पर्धा १९८३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्या विजेत्या, फिनलंडच्या सोप्रानो कारिता मात्तिला, पुढे अग्रगण्य झाल्या. परंतु स्पर्धा न जिंकता उत्तम कारकीर्द केलेल्या गायिका पुष्कळ आहेत.

उत्पन्नाचे दोन मुख्य प्रकार लक्षात घ्यावेत. जर्मनीत सार्वजनिक निधीवर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहे आहेत आणि त्यांपैकी अनेकांत गायक वार्षिक कराराने, मासिक वेतनावर असतात. एका हंगामात कितीतरी भूमिका पडतात, काही मनाजोग्या, काही नसलेल्या. पाहुण्या गायिकेला मात्र सामान्यतः प्रयोगागणिक मानधन मिळते, आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या तालमींचा मोबदला त्यातच धरलेला असतो, आणि घसा बसला तर त्या प्रयोगाचे पैसे बुडतात. घरात पैशांचे नियोजन करताना ही शेवटची बाब विसरू नये.

व्यावसायिक कॉयर हीसुद्धा पूर्ण वेळेची नोकरी असू शकते. बर्लिनचा रेडिओ कॉयर १९२५ पासून आणि बीबीसी सिंगर्स १९२४ पासून कार्यरत आहेत. तिथे नवी, अवघड स्वरलिपी पाहताक्षणी गाता येणे ही किमान अपेक्षा असते. ही नोकरीदेखील अढळ नाही : २०२३ मध्ये बीबीसी सिंगर्स बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला होता आणि संगीतक्षेत्रातून तीव्र विरोध झाल्यावर तो मागे घेतला गेला. तरीही तुमच्या मुलीने कधी कॉयरची नोकरी स्वीकारली, तर तिची कारकीर्द अडली असे कृपया मानू नका. ते कसलेल्या गायकांचे काम आहे.

प्रश्न : मी केवळ श्रोता आहे. भाषा येत असूनही सोप्रानो वरच्या स्वरांत काय म्हणते ते मला कळत नाही. हा उच्चारांचा आळस म्हणावा का?

उत्तर : बहुधा नाही. प्रत्येक स्वरवर्णाची ओळख तोंडाच्या पोकळीत होणाऱ्या अनुनादावर अवलंबून असते. ‘ई’चा सर्वांत खालचा अनुनाद साधारण ३०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. सोप्रानो जेव्हा ८८० हर्ट्‌झचा स्वर गाते, तेव्हा मूळ स्वरच त्या अनुनादाच्या पलीकडे गेलेला असतो. त्या स्थितीत तोंड ‘ई’च्या आकारात ठेवले, तर आवाज क्षीण होतो, म्हणून गायिका जबडा उघडून अनुनाद स्वरापर्यंत वर नेते, आणि आपल्याला ‘ई’च्या जागी ‘आ’च्या जवळचे काही ऐकू येते. जाणते संगीतकार महत्त्वाचे शब्द मध्य सप्तकात ठेवतात आणि वरच्या जागी तेच शब्द पुन्हा आणतात. मधल्या पट्टीतही शब्द कळत नसतील, तर मात्र आपली तक्रार रास्त आहे.

प्रश्न : माझे वय पंचवीस आहे. एका छोट्या संस्थेने मला पुच्चिनीच्या ‘तोस्का’मधील मुख्य भूमिका देऊ केली आहे. माझा आवाज लिरिक जातीचा, म्हणजे हलका आणि मृदू, आहे, परंतु अशी संधी पुन्हा येईल का अशी भीती वाटते.

उत्तर : नाकारा. ‘तोस्का’चा वाद्यवृंद दाट आहे, आणि दुसऱ्या अंकात नायिकेला तणावाच्या, किंचाळीच्या काठावरच्या प्रसंगांतून जाऊन मग संथ, नियंत्रित आरिया गावी लागते. त्यासाठी मधल्या सप्तकात जी घनता हवी, ती लिरिक आवाजात तिशीच्या पुढे हळूहळू येते, आणि काहींच्यात कधीच येत नाही. इटलीच्या सोप्रानो मिरेला फ्रेनी यांनी १९५५ मध्ये ‘कार्मेन’मधील मिकाएला या लिरिक भूमिकेने सुरुवात केली, आयदासारख्या भूमिका वीसेक वर्षांनी घेतल्या, आणि ‘मादाम बटरफ्लाय’ ध्वनिमुद्रित करूनही रंगमंचावर कधी गायली नाही. त्या पन्नास वर्षे गात राहिल्या. अमेरिकेच्या सोप्रानो जेसी नॉर्मन यांना तर प्रचंड आवाज लाभला होता आणि १९६९ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्या बर्लिनमध्ये ‘टानहॉयझर’मधील एलिझाबेथ गायल्या. तरीही सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आवाज पूर्ण परिपक्व व्हावा म्हणून त्यांनी काही वर्षे ऑपेराच्या मंचापासून दूर राहणे पसंत केले आणि त्या काळात मैफलींवर भर दिला. हा धीर दाखवायला मोठी समज लागते.

नकार कळवताना मात्र नुसता नकार कळवू नका. संस्थेचा पुढच्या हंगामाचा बेत विचारा आणि ‘फिगारोचा विवाह’मधील सुझाना, ‘ला बोहेम’मधील मुझेत्ता किंवा ‘द मॅजिक फ्लूट’मधील पामिना यांपैकी जी भूमिका तुमच्या गळ्यात आज बसलेली असेल, तिच्या आरियाची चाचणी द्यायला तयार असल्याचे लिहा. पत्र दोन दिवसांत पाठवा, म्हणजे त्यांना दुसरी तोस्का शोधायला वेळ मिळेल.