बीएस्सीनंतरची दोन वर्षं घरच्या आंब्यात गेली, आता रेझ्युमेत लिहू काय?

तुम्ही विचारलंय की बीएस्सी केमिस्ट्री झाली, मग दोन वर्षं घरच्या हापूसच्या बागेत काम केलं, आता लोटे एमआयडीसीत आणि जमलं तर मुंबईकडे केमिस्ट म्हणून अर्ज टाकायचाय, पण अनुभव काहीच नाही तर रेझ्युमे भरायचा कशाने.

मी चिपळूणची. गेली १४ वर्षं परशुराम घाट चढून लोट्यातल्या एका केमिकल कंपनीच्या क्यूसी लॅबला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबला जाते, आणि ट्रेनी केमिस्ट घ्यायचे असले की एचआरवाले रेझ्युमेचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवतात. त्यामुळे गठ्ठ्याच्या या बाजूने काय दिसतं तेवढं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे रेझ्युमे सारखे दिसतात. सायबरवाल्याकडे एक फॉरमॅट असतो, तो नाव आणि मार्क बदलून प्रिंट काढून देतो. वर करिअर ऑब्जेक्टिव्हच्या नावाखाली तीन ओळींचं जड इंग्रजी, मग मार्कांचं टेबल, मग हार्डवर्किंग, ऑनेस्ट, हॉबी क्रिकेट, आणि खाली "वरील माहिती खरी आहे" असं डिक्लेरेशन. एकदा एका मुलीच्या रेझ्युमेवर सहीच्या जागी दुसऱ्याच मुलाचं नाव राहून गेलेलं. तिचे मार्क चांगले होते म्हणून मी तरी तिला बोलवून घेतलं, पण मला खरंच वाईट वाटलं, तीन वर्षं लॅबमध्ये उभं राहून शिकलेली पोरगी त्या कागदात कुठेच नव्हती.

तर तो फॉरमॅट सोडून द्या. ऑब्जेक्टिव्हच्या जागी दोन साध्या ओळी लिहा, तुम्ही कोण आणि कोणतं काम मागताय. बीएस्सी केमिस्ट्री, अमुक साली पास, क्यूसी लॅबमध्ये ट्रेनी केमिस्टचं काम हवंय, शिफ्ट ड्युटीला तयार. बास. शिफ्टचं मुद्दाम सांगतेय कारण नाइटला यायची तयारी आहे का हे आम्हाला विचारावंच लागतं, ते आधीच दिसलं तर बरं पडतं. तसंच तुम्ही राहता कुठे ते गावापुरतं लिहा, म्हणजे चिपळूणचे असाल तर बहादूरशेख नाका वगैरे, कारण कंपनीची बस कुठून जाते ते आम्ही बघतो. पूर्ण पत्ता, आधार नंबर, वडिलांचा धंदा, जात, धर्म, उंची हे सगळं काढा, तो लग्नाचा बायोडाटा झाला.

आता मुख्य मुद्दा. अनुभव काहीच नाही असं तुम्ही म्हणताय ते मला पटत नाही. बागेत फवारणी होते ना? २०० लिटरच्या बॅरलला औषध किती मिली घालायचं ते मोजून द्रावण कोण करत होतं? कुठल्या तारखेला तुडतुड्यावर कुठलं औषध मारलं, शेवटच्या फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस सोडायचे, हे वहीत कोण लिहीत होतं? तुम्ही असाल, आणि केमिस्ट्री झालेलं पोर घरात असल्यावर बहुतेक तुम्हीच असणार, तर आमच्या लॅबमध्येही आम्ही हेच करतो, मोजायचं, लेबल लावायचं, तारीख घालून नोंद करायची. त्यात वजनावर आंब्याची प्रतवारी, वाशीला गेलेल्या पेट्यांचा हिशोब, तो मोबाइलवर एक्सेलमध्ये ठेवला असेल तर तेही. हे आकड्यांसकट लिहा. "घरी शेती" असं दोन शब्दांत लिहिलंत तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा "दोन हंगाम, इतकी कलमं, फवारणीचं द्रावण तयार करणं आणि नोंदवही ठेवणं, प्रतवारी करून रोज साधारण इतक्या पेट्या रवाना" असं लिहिलंत तर मी तो रेझ्युमे बाजूला काढून ठेवीन. कलमं किती, पेट्या किती हे तुमचे खरे आकडे घाला, फुगवू नका, मी रत्नागिरी जिल्ह्यातलीच आहे, ५० कलमांतून किती पेट्या निघतात ते मला कळतं.

आणि ती दोन वर्षं लपवू नका. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर आमच्याकडे बरेच अर्ज असे आले की मध्ये सहा महिने, वर्ष रिकामं आणि त्याबद्दल एक शब्द नाही. एका मुलाने मात्र सरळ एक ओळ लिहिली होती की पुरात घरचं दुकान गेलं, सहा महिने ते परत उभं करण्यात गेले. मुलाखतीत आम्ही त्याला त्याबद्दल विचारलं आणि तो जे बोलला, चिखल काढण्यापासून उधारीच्या वह्या परत लिहिण्यापर्यंत, त्यावरूनच आम्ही त्याला घेतलं. लग्न झालं, मूल लहान होतं, घरात आजारपण होतं म्हणून गॅप असेल तरी एक ओळ पुरते.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलबद्दल पण नीट लिहा, नुसतं "बीएस्सी ६८ टक्के" नको. टायट्रेशन केलंत, ऑरगॅनिक स्पॉटिंग केलंत, मेल्टिंग पॉइंट काढलात, पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरने कॅलिब्रेट केलात, प्रोजेक्टला विहिरीच्या पाण्याचा हार्डनेस काढला असेल तर कुठल्या गावाच्या किती विहिरी, ते लिहा. पण एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, कॉलेजात लांबून दाखवलं असेल तर "एचपीएलसी येतं" लिहू नका. मी पहिलाच प्रश्न विचारते की कॉलम कुठला होता आणि मोबाइल फेज काय होता, आणि तिथे पोरांचा चेहरा उतरतो, मग पुढचं येत असलेलंही सांगता येत नाही. "डेमो बघितलाय" असं लिहा, आम्हाला चालतं, मशीन आम्ही शिकवतो.

दिसण्याबद्दल फार बोलत नाही. एक पान, इंग्रजीत पण साध्या इंग्रजीत, नवीन गोष्ट वर जुनी खाली. स्किलपुढे पाच ठिपक्यांतले चार रंगवलेले ते टेम्प्लेट नको, टायट्रेशन पाचपैकी चार म्हणजे काय ते कोणालाच कळत नाही आणि आमच्या प्रिंटरवर सगळे ठिपके करडे येतात. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर आधी सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचतं, त्याला दोन कॉलम, टेबल, चित्रात लिहिलेली अक्षरं कधीकधी नीट वाचता येत नाहीत, म्हणून सरळ एका कॉलममध्ये लिहिलेलं बरं. जाहिरातीत जे शब्द असतील, समजा "वेट अ‍ॅनालिसिस" (मशीनऐवजी टायट्रेशनसारखी हाताने केलेली तपासणी) लिहिलंय आणि तुम्ही ते केलंय, तर रेझ्युमेत तोच शब्द वापरा.

मग गणपतीचा विषय, कारण आपल्याकडे अर्धे रेझ्युमे तेव्हाच हलतात. चाकरमानी येतात, आरती झाल्यावर काका म्हणतात रेझ्युमे टाक व्हॉट्सअ‍ॅपवर, मी साहेबांना देतो. जरूर द्या, त्यात लाजायचं काही नाही, पण कागदाचा फोटो काढून टाकू नका, त्यात सावली येते आणि पुढे पाठवत पाठवत अक्षरं धूसर होतात. पीडीएफ टाका, फाइलला तुमचं नाव आणि "केमिस्ट" एवढं नाव द्या, आणि सोबत दोन ओळींचा मेसेज असा लिहून द्या की काकांना तो जसाच्या तसा पुढे ढकलता येईल. काकांना "माझा पुतण्या आहे, हुशार आहे" याच्या पलीकडे सांगता येत नाही, त्यांना तुमचं काम माहीतच नसतं. आणि त्या साखळीत कोणी नोकरी लावतो म्हणून पैसे मागितले तर तिथेच थांबा.

शेवटचं, फोन नंबर दोन द्या. पावसात आपल्याकडे लाइट गेली की रेंज पण जाते, आणि आम्ही दहा जणांना फोन लावत असतो, एकाचा नाही लागला तर पुढच्याला लावतो, परत फिरून लावायचं राहून जातं. दुसऱ्या नंबरवर घरी जो कोणी फोन उचलेल, आई असो की आजी, तिला आधीच सांगून ठेवा की कंपनीतून फोन आला तर कंपनीचं नाव, नंबर आणि बोलावलेली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव.