मासेमारीवर बंदी लागली म्हणजे प्रोजेक्ट संपला का?

तुझं पत्र वाचलं, सोबतचे 12 फोटोही पाहिले, आणि सगळ्यात आधी हे सांगते की बैलगाडी पाण्यात उतरलेला फोटो तू मुख्य केला नाहीस त्याचे तुला वेगळे मार्क द्यायला हवे होते, कारण हर्णैला येऊन गेलेल्या प्रत्येक पर्यटकाच्या मोबाईलमधे तो असतोच.

बाकीच्यांना कळावं म्हणून पत्र थोडक्यात सांगते. दापोलीजवळची मुलगी, मास मीडियाचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलंय, फोटो जर्नलिझमच्या प्रोजेक्टसाठी सहा महिने हर्णै बंदरावर जाऊन लिलावात मासळी घेणाऱ्या बायकांचे फोटो काढले, कॉलेजात प्रदर्शन झालं, सरांनी पाठ थोपटली. आणि आता हिचं मन लागत नाहीये. कारणं दोन. एक म्हणजे ज्या फोटोचं सगळ्यात जास्त कौतुक झालं, डोक्यावर पाटी घेतलेल्या काकूंचा, तो मुळात घडलाच नव्हता, काकूंनी पाटी खाली ठेवली होती आणि हिने "परत एकदा उचला ना" म्हणून सांगितलं. दुसरं म्हणजे शेवटच्या दिवशी एका बाईने विचारलं, "एवढे फोटो काढलेस, त्याचं पुढं काय झालं गो?" आणि हिला उत्तर देता आलं नाही. वर बाबा म्हणतायत तलाठी भरतीचा फॉर्म भर.

आधी पाटीबद्दल. अगं, कोणाला उभं करून फोटो काढणं हा गुन्हा नाही, पोर्ट्रेट तसंच काढतात, माणूस कॅमेऱ्याकडे बघतोय म्हटल्यावर बघणाऱ्यालाही कळतं की हा सांगून काढलाय. पण तू तो "लिलावानंतरची लगबग" म्हणून लावलास, तिथे गडबड झाली. काकू रोज पाटी उचलतात हे खरं आहे, पण त्या क्षणी तुझ्यासाठी उचलली, आणि बातमीच्या फोटोत एवढा फरक पुरेसा असतो. 2015 ला वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या एका मालिकेला बक्षीस मिळालं होतं आणि मग काढून घेतलं, कारण त्यातला एक फोटो त्या शहरातला नव्हताच, ब्रसेल्सला काढलेला होता. म्हणजे फोटो कितीही भारी असो, खाली लिहिलेलं चुकीचं निघालं की पूर्ण मालिकेवरचा विश्वास जातो. मी न विचारता तू स्वतःहून हे सांगितलंस, म्हणून मला तुझी काळजी वाटत नाही. तो फोटो पोर्टफोलिओतून काढ आणि सरांना एक फोन करून खरं काय ते सांगून टाक, मार्क कापले तर कापू देत.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे, तुझ्या कॅप्शन्सबद्दल. "दर्याची लेक", "संघर्ष", "आशेचा किरण". ही कॅप्शन्स नाहीत, वक्तृत्व स्पर्धेच्या विषयांची यादी आहे. कोण, कुठे, कधी, काय करतेय, एवढं साध्या वाक्यात हवं. पाटीत बांगडा आहे की तारली, माल कुणाच्या बोटीचा, बोली कितीला सुटली, ती बाई विकायला कुठल्या बाजारात जाणार, हे तुला माहीत असायला पाहिजे, आणि तूच लिहिलंयस की 12 पैकी फक्त तिघींची नावं तुला ठाऊक आहेत. सहा महिन्यांत तीन नावं! कॅमेरा जरा कमी काढला असतास आणि शेजारी बसून चहा प्यायली असतीस तर बरं झालं असतं असं मला वाटतं, भले फोटो चार कमी आले असते.

आता त्या बाईचा प्रश्न. गुहागरला माझ्या आत्याकडे मी लहान असताना मुंबईचा एक फोटोग्राफर आला होता, आत्या नारळ सोलत होती, त्याने पुष्कळ फोटो काढले, आमच्याकडे जेवला, आणि पाठवतो म्हणून पत्ता लिहून घेतला. आत्या दोन वर्षं पोस्टमनला विचारत होती. शेवटी तिने विचारणं सोडलं, पण नंतर गावात कोणीही गळ्यात कॅमेरा घालून दिसला की ती आत निघून जायची. तेव्हा "पुढं काय झालं" याचं पहिलं उत्तर फार साधं आहे, प्रिंट काढ आणि नेऊन दे. साध्या साइजची प्रिंट 10-15 रुपयांत होते, सगळ्यांच्या मिळून तुझ्या एका पेट्रोलच्या फेरीएवढे पैसे लागतील.

आणि जायचं आत्ताच. तू लिहितेस की 31 मेला प्रोजेक्ट पूर्ण झाला. तो पूर्ण नाही झाला, बंदी लागली! 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, लिलाव नाही म्हणून तुला वाटलं की विषय संपला. पण त्या बायकांची चूल तर बंद नाही ना होत. आता बोटी वर ओढलेल्या असतील, जाळी शिवायला काढली असतील, नेपाळी खलाशी गावी गेले असतील, आणि लिलावात तुला उभं राहायला जागा न देणाऱ्या बायका सुकट, सोडे, बोंबील घेऊन आठवडा बाजारात बसल्या असतील, किंवा घरी असतील आणि बोलायला त्यांना वेळ असेल. ताजी मासळी नसताना मासेवाल्या काय विकतात, उधारी कशी फेडतात, नारळी पौर्णिमेपर्यंत दिवस कसे काढतात, हा भाग त्या पर्यटकांच्या मोबाईलमधे नसणार. मुंबई-दिल्लीच्या फोटोग्राफरलाही हे जमायला अवघड आहे, त्याला हॉटेलचं भाडं भरावं लागेल, तुला घरून अर्धा तास लागतो. करिअर करिअर म्हणतात त्याची सुरुवात मला तरी यातच दिसते, नवीन लेन्समधे नाही (लेन्सबद्दल तू जो अख्खा परिच्छेद लिहिलायस तो मी गाळलाय).

पत्रात तू ज्या रिसॉर्टवाल्याबद्दल लिहिलंयस त्याला मात्र नाही म्हण. तो फोटो फुकट मागतोय आणि "खाली तुझं नाव टाकतो" म्हणतोय. भारतातल्या पहिल्या महिला फोटो जर्नलिस्ट होमाई व्यारावाला, त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे, त्यामुळे आपलं नाव येणं ही छोटी गोष्ट नाही हे मान्य, पण त्या बायकांनी तुला अभ्यासासाठी फोटो काढू दिले होते, रिसॉर्टच्या जाहिरातीसाठी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तू स्वतःहून काढलेल्या फोटोंचे हक्क तुझेच आहेत, तुझ्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं. उलट कोणी पैसे देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळं काही लिहून ठरलं नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा होतो, हे लग्नाच्या ऑर्डर घेशील तेव्हा लक्षात ठेव. आणि ऑर्डर घे, लाजू नकोस, नुसत्या पेपरच्या फोटोंवर घर चालवणारे आता कमी राहिलेत, बरेच जण लग्नं आणि होमस्टेचे फोटो करून आपलं काम पोसतात.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तलाठी भरतीला खुल्या गटालाही वयाची मर्यादा 38 आहे, तुला आता एकविसावं लागलंय, फॉर्म भरलास म्हणून कॅमेरा विकावा लागत नाही. पण त्यांच्याकडून एक वर्ष मागून घे, आणि नुसतं "मला आवडतं" म्हणून मागू नकोस, प्लॅन दाखव. ऑगस्टपर्यंत बंदीचा भाग पूर्ण करायचा, मग दोन्ही भाग एकत्र करून पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 ला सुरू केलेल्या परी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटकडे पाठवायचा, तिथे मराठीतही काम छापतात आणि विद्यार्थ्यांचंही घेतात. पुढे शिकायचं असेल तर दिल्लीला जामिया मिलिया विद्यापीठात स्टिल फोटोग्राफीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, गांधीनगरला एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमधे, फोटोग्राफी डिझाइनचं एमडेस (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) आहे, आणि लिहिण्याची बाजू पक्की करायची तर पत्रकारिता शिकवणारं पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट. तुझी कॅप्शन्स बघता मी रानडेला पाठवीन. बारीक अक्षरातली जाहिरात करणाऱ्या महागड्या खासगी कोर्सला मात्र आधी विचार की मागच्या बॅचची मुलं आता काय करतायत, गोलगोल उत्तर आलं तर परत यायचं.

पाटीवाल्या काकूंची प्रिंटही काढ बरं का, पोर्टफोलिओतून गेला तरी फोटो त्यांचा आहे, त्यांना आवडेल. प्रत्येकीचं नाव आणि तारीख मागे लिही, फक्त बॉलपेन दाबून लिहू नकोस, पुढून उमटतं.